ठेच्याचा ब्रेड का बसला: सोलापुरातल्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण

टिनमधून काढला तेव्हा ब्रेडचा वरचा रंग झकास होता. सुरी फिरल्यावर आतलं दिसलं. माथा मधोमध खचलेला, वरच्या सालीखाली बोट जाईल एवढी पोकळी, तळाला अर्धा सेंटिमीटर जाडीचा ओलसर, मेणचट थर, आणि मध्येच कोरड्या मैद्याच्या पांढऱ्या रेघा. शेंगा चटणी पसरून गुंडाळी केली होती, तिथून काप सुटा झाला आणि आतला गोल हातात आला. वास आंबूस, थोडा ताडीकडे झुकणारा. घरातल्या दोघा भावांनी एकच काप अर्धा अर्धा वाटून घेतला. धाकट्याला काहीच लागलं नाही. थोरला डोळे पुसत म्हणाला, "लई तिखट लागलालंय बे!"

घर जुळे सोलापुरातलं, महिना एप्रिल, वेळ दुपारची. संध्याकाळी भिशी होती आणि सूनबाईंनी चहासोबत तिखट ब्रेड द्यायचं ठरवलं होतं. दोष लगेच मिरचीवर गेला: मिरची जास्त झाली, मिरचीनं यीस्ट मारलं. यातलं दुसरं म्हणणं तर अजिबात टिकत नाही. यीस्ट मेलं असतं तर ताडीकडे झुकणारा वास आला नसता आणि माथा खचायला आधी वर आलाच नसता.

आधी जे केलं गेलं ते मापासकट. मैदा 350 ग्रॅम, पाणी 230 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, साखर 15, मीठ 7, शेंगदाणा तेल 20. ठेचा कच्चा: लवंगी हिरव्या मिरच्या 60 ग्रॅम, सोललेला लसूण 30, कोथिंबीर 15, वर मीठ 5 ग्रॅम, सगळं मिक्सरला फिरवलेलं. आत भरायला घरची कुटलेली शेंगा चटणी 50 ग्रॅम. पाककृतीत "कोमट पाणी घ्या" असं होतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीचं नळाचं पाणी घेतलं. एप्रिलच्या दुपारी ते कोमट असतंच. कणीक मळून झाल्यावर ठेचा घातला, दोन-तीन मिनिटं आणखी मळलं आणि पाककृतीत दिल्याप्रमाणे दीड तास झाकून ठेवलं. झाकण काढलं तर कणीक परातीत पसरलेली. सासूबाईंनी बोट लावून पाहिलं.

"अगं, हे तर भज्याचं पीठ झालंय. टाक अजून मैदा."

"आई, सगळं काट्यावर मोजून घेतलंय की हो."

"काटा काय करतोय? हाताला लागतंय ना पातळ."

मग दोन मुठी मैदा पडला, कणीक कशीबशी लाटली, चटणी पसरली, गुंडाळी टिनमध्ये गेली, आणखी पाऊण तास फुगायला ठेवली आणि 28 लिटरच्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीत, 200 अंशांवर 30 मिनिटं भाजली.

दोघींचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. काटा खरं सांगत होता, पण त्यानं मोजलेलं पाणी फक्त भांड्यातलं होतं.

पाणी कुठून आलं

हिरव्या मिरचीत वजनाच्या 85 ते 88 टक्के पाणी असतं. लसणात साठ टक्क्यांच्या आसपास, कोथिंबिरीत नव्वदच्या. म्हणजे 60 ग्रॅम मिरचीतून सुमारे 52 ग्रॅम, 30 ग्रॅम लसणातून 18, कोथिंबिरीतून 13. एकूण 83 ग्रॅम पाणी ठेच्याच्या नावानं कणकेत गेलं. भांड्यातलं 230 आणि हे 83 मिळून 313. मैदा 350 धरला तर पाण्याचं प्रमाण 89 टक्के होतं. आपल्याकडचा नेहमीचा मैदा टिनच्या ब्रेडसाठी 60 ते 63 टक्के पाणी चांगलं पेलतो. 68च्या पुढे नवख्या हाताला तो आवरत नाही.

फसगत होते ती वेळेमुळे. ठेच्यातलं पाणी एकदम सुटत नाही. मळताना ते मिरचीच्या गरात अडकलेलं असतं, म्हणून कणीक हाताला ठीक लागते. मग मीठ आपलं काम करतं. काकडीची कोशिंबीर मीठ घालून ठेवली की तळाला पाणी जमतं, तसंच इथे तासाभरात मिरचीचं पाणी बाहेर येतं आणि घट्ट वाटलेली कणीक सैल पडते. मळताना बरोबर आणि तासाभरानं पातळ, अशी तक्रार आली की कणकेत कच्ची ओली भर पडली आहे का ते आधी पाहावं.

नंतर घातलेल्या दोन मुठी मैद्यानं काम सुधारलं नाही. फुगून झालेल्या कणकेत कोरडा मैदा नीट मिसळायला पुन्हा सात-आठ मिनिटं मळावं लागतं. दोन मिनिटांत त्याच्या नुसत्या रेघा राहतात, आणि कापात दिसल्या त्या ह्याच. त्या मैद्याला ना मीठ मिळालं ना यीस्ट.

यावर उपाय ठेचा कमी करणं हा नाही. ठेचा तेलात परतून त्यातलं पाणी उडवायचं आणि किती उडालं ते काट्यावरच पाहायचं. कढईत जे जे घातलं त्याचं कच्चं वजन, त्यातून परतल्यानंतरचं वजन वजा, की उडालेलं पाणी आलं. उरलेलं पाणी हिशेबात धरून भांड्यातलं पाणी तेवढं कमी करायचं. एवढी एक वजाबाकी केली असती तर अर्धं प्रकरण घडलंच नसतं.

सदतीस अंशांचं स्वयंपाकघर

कोमट पाणी घ्यायला सांगणाऱ्या पाककृती थंड स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचा पारा चाळीसच्या पुढे जातो. स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात दुपारी 36-37 अंश सहज असतात, डब्यातला मैदाही तितकाच गरम असतो. मळल्यावर कणकेचं तापमान किती होईल याचा ढोबळ हिशेब बेकरीवाले असा करतात: मैदा, खोली आणि पाणी यांची तापमानं आणि मळण्याच्या घर्षणाचे हातानं मळताना साधारण 3 अंश, यांची बेरीज करून तिला तीननं भागायचं. इथे 36 अधिक 37 अधिक 38 अधिक 3, म्हणजे 114. भागिले तीन, 38 अंश. हवी होती 26-27.

38 अंशांवर यीस्ट मरत नाही. ते मरतं 55-60 अंशांच्या घरात. 38वर ते सुसाट काम करतं, आणि त्यातून इथे ते मैद्याच्या दोन टक्के होतं. अशी कणीक पाऊण तासाच्या आत दुप्पट होते. ती दीड तास ठेवली. मधल्या वेळात बुडबुडे फुटले, मैद्यातल्या प्रथिनांची, म्हणजे ग्लुटेनची, जाळी ताणून ताणून थकली, आणि आंबवणारे जिवाणूही उन्हाळ्यात हात धुऊन मागे लागतात. ताडीसारखा वास आला तो इथून. पुढे टिनमध्ये पाऊण तास ठेवून वर कडी केली. भट्टीत गेलेल्या लोफात वर उचलायला दम उरला नव्हता. वरची साल आधी कडक झाली, आतला गर खाली बसला, मध्ये पोकळी राहिली.

मीठ जास्त झालं होतं, हेही इथे सांगायला हवं. कणकेतलं 7, ठेच्यातलं 5 आणि चटणीतलं अंदाजे एक. 350 मैद्याला 13 ग्रॅम म्हणजे 3.7 टक्के. दोन टक्के पुरे असतात. एवढ्या मिठानं यीस्टला थोडा लगाम बसायला हवा होता आणि तो बसलाही असेल, पण या उष्णतेपुढे तो लगाम कुठे दिसणार? ब्रेड खारट लागला नाही, कारण तिखटापुढे खारटपणा कळत नाही.

हवं ते तापमान गाठायचं तर गणित उलटं मांडायचं. 27 गुणिले 3 बरोबर 81. त्यातून मैद्याचे 36, खोलीचे 37 आणि घर्षणाचे 3 वजा केले की पाणी 5 अंशांचं हवं. नळाचं पाणी 38चं असेल तर त्यात बर्फ किती? एकूण पाण्याला (38 वजा 5)नं गुणायचं आणि (38 अधिक 80)नं भागायचं. 80 हा आकडा बर्फ वितळताना शोषून घेतो त्या उष्णतेचा. 195 ग्रॅम पाण्यासाठी उत्तर येतं सुमारे 55 ग्रॅम बर्फ आणि 140 ग्रॅम नळाचं पाणी. बर्फ कुटून घ्यायचा, अख्खे खडे मळताना फिरत राहतात. यीस्ट आधी मैद्यात मिसळायचं. बर्फाच्या पाण्यात थेट टाकलं तर त्याला झटका बसतो आणि ते सुस्त पडतं. ज्याला एवढा हिशेब नको त्यानं मैदा आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावा आणि माठातलं पाणी घ्यावं. तरीही कणकेत थर्मामीटर खुपसून एकदा खात्री करावी.

बाकी सोलापूरच्या उन्हाळ्यानं एक सोय ठेवली आहे. हवा कोरडी असते, त्यामुळे झाकलेल्या स्टीलच्या पातेल्याला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवलं की आतली कणीक खोलीपेक्षा चांगली गार राहते. जुलैत हेच केलं तर विशेष फरक पडत नाही.

लसणाचं काय

मिरचीवर आळ आला आणि लसूण साळसूद सुटला. 350 ग्रॅम मैद्याला 30 ग्रॅम कच्चा वाटलेला लसूण म्हणजे साडेआठ टक्के. पाकळी अख्खी असते तोवर तिच्यात तो उग्र घटक नसतो. चिरल्या-ठेचल्यावर पेशी फुटतात, आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. अ‍ॅलिसिन जिवाणू आणि बुरशीला आवरतं, आणि यीस्ट हीही बुरशीच. त्याहून मोठं नुकसान ग्लुटेनचं. ग्लुटेनचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी धरून असतात. कच्च्या लसणातली आणि कांद्यातली गंधकाची संयुगं त्या बंधांत ढवळाढवळ करतात. कणीक लांबते, चकाकते, हाताला रेशमी लागते आणि ताणली की लगेच फाटते. कुणाला वाटतं, वा, किती मऊ मळली गेली! प्रत्यक्षात तिचा कणा मोडलेला असतो.

लसूण तेलात मंद आचेवर शिजवला की एन्झाइम निकामी होतं आणि हा त्रास जवळजवळ संपतो. पाकळ्या अख्ख्याच परतायच्या, कडेनं बदामी झाल्या की मग ठेचायच्या. आधी ठेचून मग परतल्या तर अ‍ॅलिसिन तयार होऊन बसलेलं असतं, वर बारीक तुकडे जळून कडू होतात.

लसणाच्या तेलाबाबत एक इशारा. तेलात बुडालेला लसूण बाहेरच्या तापमानाला दिवसचे दिवस ठेवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, वासावरून कळतही नाही. परतलेला ठेचा फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. कोरड्या शेंगा चटणीची गोष्ट वेगळी, तिच्यात ओल नसते.

एकाच कापात एक बाजू जाळ, एक बाजू फिकी

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि तुपात विरघळतं. ते तयार होतं मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बिया स्वतः फारशा तिखट नसतात, शेजारपणानं बदनाम होतात. 1912 साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं तिखटपणा मोजायची पद्धत काढली ती मिरचीच्या अर्काला साखरेच्या पाण्यात पातळ करत करत चाखण्याची होती.

या प्रकरणात ठेचा मळलेल्या कणकेत शेवटी पडला. तयार ग्लुटेनमध्ये ओला गोळा सहज शिरत नाही. तो सरकतो, एका बाजूला साचतो. थोरल्याच्या वाट्याला तो गोळा आला.

तेलात विरघळण्याचा हा गुणच कामाला लावायचा. ठेचा परतला की गाळणीवर निथळायचा. खाली जमलेलं हिरवट तेल तिखट असतं. ते मळणीच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला, कणकेला थोडी ताण आल्यावर घालायचं. तेल कणकेत सगळीकडे सारखं पसरतं आणि त्याच्यासोबत तिखटही. गाळणीवर उरलेला ठेचा मळण्याच्या अगदी शेवटी. कणीक ओट्यावर हातानं पसरायची, वर निम्मा ठेचा लावायचा, पत्रासारखी घडी घालायची, पुन्हा पसरून उरलेला ठेचा, पुन्हा घडी. तीन-चार घड्यांत तो थराथरांत बसतो, मळावा लागत नाही.

भट्टीच्या उष्णतेनं तिखटपणा कमी होईल अशी आशा ठेवू नये. ब्रेड भाजून निघतो तेव्हा आतला गर 94 ते 98 अंशांवर असतो, कारण आत पाणी आहे. एवढ्यानं कॅप्सेसिनला फारसा धक्का लागत नाही. उडतो तो हिरव्या मिरचीचा ताजा वास. मिरचीचं घरगुती प्रमाण यीस्टला मारत नाही हेही पडताळता येतं: त्याच कणकेचा लिंबाएवढा गोळा बाजूला काढून त्यात चिमूटभर मिरची पूड मळावी, दुसरा गोळा तसाच ठेवावा, दोन पेले शेजारी शेजारी. दोन्ही जवळपास सारखेच फुगतात.

सुटलेली गुंडाळी

सोलापुरी शेंगा चटणी कुटून केलेली असते आणि तेल सुटेपर्यंत कुटली तरच तिला सोलापुरी म्हणावं. तेच तेल ब्रेडमध्ये नडतं. लाटलेल्या कणकेवर आधी तेलाचा हात फिरवला, वर तेलकट चटणी पसरली, मग गुंडाळलं; दोन थर एकमेकांना चिकटायला जागाच राहिली नाही. भाजताना वाफ त्या फटीत शिरली आणि गुंडाळी उघडली.

पृष्ठभागाला तेल नको, पाण्याचा हात पुरे. 40 ग्रॅम चटणीत चमचाभर मैदा आणि तेवढंच पाणी मिसळून ती भुरभुरीत ओलसर करायची. कडेला चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जागा मोकळी. गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला अंगठ्यांनी दाबायचं, शेवटची कड ओली करून चिमटायची, शिवण खाली. चटणी याहून जास्त भरायचा मोह होतो. तो आवरावा, उरलेली वरून लावून खाता येते.

दुरुस्त केलेली कृती

मैदा 350 ग्रॅम (पाकिटावर 100 ग्रॅममागे प्रथिनं 10-11 ग्रॅम लिहिलेली असतील असा), इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, साखर 10, मीठ 6, साधं पांढरं व्हिनेगर 5 मिली, पाणी आणि बर्फ मिळून 195. ठेच्यासाठी हिरवी मिरची 40 ग्रॅम, लसूण 25, शेंगदाणा तेल 25, जिरं अर्धा चमचा. ठेच्यात मीठ अजिबात नाही. चटणी 40 ग्रॅम. मिरची लवंगी घेतली तर 40 ग्रॅममध्ये चांगला झणका येतो. पाहुण्यांत तिखट न खाणारे असतील तर निम्मी लवंगी आणि निम्मी पोपटी जाड मिरची, तिचीही शीर काढून.

तेलात जिरं, मग अख्खा लसूण, तो बदामी झाला की देठ काढून मधून चिरलेल्या मिरच्या. अख्खी मिरची गरम तेलात फुटते आणि तोंडावर उडते, म्हणून चीर हवीच. मंद आचेवर मिरच्यांना पांढरट डाग पडून त्या सुरकुतेपर्यंत परतायचं, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, नाहीतर खकाण्यानं घर खोकायला लागतं. 92 ग्रॅमच्या आसपासचा ऐवज 65वर आला की थांबायचं. सत्तावीस ग्रॅम पाणी उडालं, तेवीसेक उरलं. 195 आणि 23 मिळून 218, म्हणजे 62 टक्के. गार करून खलबत्त्यात ठेचायचं; मिक्सरमध्ये पेस्ट होते आणि कापात मिरची दिसत नाही. ठेचा कणकेत घालताना फ्रीजमधला गार हवा. गरम ठेचा घातला की बर्फाचं सगळं गणित वाया.

मैदा, यीस्ट, साखर, मीठ कोरडं मिसळून बर्फाचं पाणी आणि व्हिनेगर. चार मिनिटं मळणं, मग तिखट तेल, मग आणखी सात-आठ मिनिटं. तेल घातल्याबरोबर कणीक फुटल्यासारखी होते, तिथे घाबरून मैदा टाकायचा नाही. दोन मिनिटांत ती पुन्हा जुळते. या टप्प्यापासून हातमोजे घालावेत. उघड्या हातानं दहा मिनिटं तिखट तेल मळलं तर रात्रभर बोटं चुरचुरतात, आणि पाण्यानं धुऊन उपयोग नाही. आधी साधं तेल चोळून पुसायचं, मग भांड्यांचा साबण.

किती वेळ ठेवायचं हे घड्याळ सांगू शकत नाही. कणकेचा एक छोटा गोळा सरळ उभ्या पेल्यात दाबून बसवावा आणि पातळीवर रबर लावावं. पेल्यातली कणीक दुप्पट झाली की पातेल्यातलीही झाली. 27 अंशांवर मळलेली कणीक गरम स्वयंपाकघरात ओल्या फडक्यासह साधारण तासाभरात तिथे पोचते. मग 20 बाय 30 सेंटिमीटर लाटून, चटणी, गुंडाळी, साडेआठ बाय साडेचार इंची टिन. दुसऱ्यांदा फुगवताना लोफ टिनच्या कडेवर एक सेंटिमीटर आला आणि ओलं बोट हलकं दाबल्यावर खळगा सावकाश अर्धवट भरला, की भट्टीत. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. अशा वेळी टिनमधून काढून, दाबून, पुन्हा वळून पंचवीस-तीस मिनिटं द्यावीत. ब्रेड थोडा बुटका होईल, पण बसणार नाही.

खरं सांगायचं तर उन्हाळ्यात दुपारी ब्रेडच्या वाटेला जाऊच नये. यीस्ट निम्मं, म्हणजे दीड ग्रॅम, रात्री नऊला मळणी, अर्धा तास बाहेर आणि मग झाकून रात्रभर फ्रीज. सकाळी सहाला काढून लाटायची. थंड कणीक लाटायला सोपी, गुंडाळी घट्ट बसते. टिनमध्ये तास-सव्वा तास. आठला भट्टी आणि ऊन चढायच्या आत काम संपलेलं. चवही जास्त चांगली येते.

भाजणं

लहान ओटीजीत वरचा रॉड लोफाच्या माथ्याला फार जवळ येतो. म्हणून रंग वीस मिनिटांत येतो आणि करणाऱ्याला वाटतं झालं. या प्रकरणात तीस मिनिटांत बंद केलं. जास्तीचं पाणी, वर अपुरं भाजणं, यातून तळाचा मेणचट थर आला. दोन्ही रॉड लावून 200 अंशांवर पंधरा मिनिटं तापवायचं, टिन सर्वांत खालच्या जाळीवर, 200वर बारा मिनिटं, मग 180वर पंचवीस. माथा बदामी झाला की वर अ‍ॅल्युमिनिअम फॉइल सैल ठेवायची. मध्यभागी थर्मामीटर 94-96 दाखवेल तेव्हा ब्रेड झाला. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये; ओटीजीत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचाच, आत टांगायचा साधा थर्मामीटर तो दाखवतो. पाच मिनिटांत टिनमधून काढून जाळीवर, आणि निदान दोन तास सुरी लावायची नाही. गरम कापला तर चांगला भाजलेला ब्रेडही चिकट दिसतो.

हिरव्याऐवजी लाल करायचा असेल तर ब्याडगी रंगासाठी आणि थोडी लवंगी तिखटासाठी. वाळकी मिरची भिजवून वाटली की पुन्हा पाण्याचा प्रश्न आला. कोरडी भरड तेलात घालून मंद गरम केली तर तो येतच नाही. ज्वारी हवी असेल तर 350 पैकी 30 ग्रॅम मैदा काढून तेवढं ज्वारीचं पीठ घालता येतं, मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तमच. मात्र भाकरीसाठी काढतो तशी उकड काढायची, त्यासाठीचे 60 ग्रॅम उकळतं पाणी एकूण पाण्यातून वजा करायचं आणि उकड पूर्ण गार करून घालायची. बर्फाच्या मापाचं गणितही मग उरलेल्या पाण्यावर नव्यानं मांडायचं.

दुसऱ्या दिवशी

कृतीतलं व्हिनेगर चवीसाठी नाही. कडक उन्हाळ्यात ब्रेडला बुरशीच्या आधी दुसराच रोग लागू शकतो: मधला गर तपकिरी, चिकट होतो, काप हळू ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा निघतात आणि फार पिकलेल्या खरबुजासारखा गोडसर वास येतो. हे बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं काम. त्यांचे बीजाणू पिठातून आणि कोरड्या मसाल्यांतून येतात, भाजल्यावरही ब्रेडच्या मध्यभागी जिवंत राहतात आणि तिशीच्या पुढच्या तापमानात वाढतात. मसालेदार ब्रेडला म्हणूनच जास्त जपावं लागतं. आंबट कणकेत ते सहज वाढत नाहीत, ते चमचाभर व्हिनेगर त्यासाठी. असा तार सुटलेला ब्रेड भाजून वापरायचा नाही, टाकून द्यायचा आणि डबा व्हिनेगरनं पुसून उन्हात ठेवायचा.

एप्रिल-मेमध्ये बाहेर एक दिवस, फार तर दीड. फ्रीजमध्ये ब्रेड लवकर शिळवटतो, चार-पाच अंशांवर पिठातला स्टार्च सर्वांत वेगानं कडक होतो. म्हणून पूर्ण गार झाल्यावर काप करून, मधे कागद घालून थेट फ्रीझरमध्ये. लागेल तेवढे काप काढून गोठलेलेच मंद तव्यावर टाकावेत, दोन्ही बाजूंनी, तेल न लावता. चटणीतलं तेल तव्यावर सुटतं आणि तेवढं पुरतं.